एकच व्हिडिओ पाच ठिकाणी टाकताय? या चुका टाळा

मार्च-एप्रिलात लालबागच्या मिरची गल्लीत मसाला कुटायचे डंक धडधडायला लागले की मसाल्याच्या व्हिडिओंनाही ऊत येतो. पद्धत ठरलेली. इन्स्टाग्रामवर रील बनवायचं, गाणं लावायचं, तेच डाउनलोड करून यूट्यूब, फेसबुक, व्हॉट्सॲपवर ढकलायचं. मग इन्स्टावर चाललेलं यूट्यूबवर का आपटलं, हे कोडं सुटत नाही. गडबड बहुतेक वेळा विषयात नसते, फाइलमध्ये असते.

मूळ प्रत न ठेवणं

निम्म्या चुका इथूनच निघतात. एडिटिंग झालं की गाणं, स्टिकर, लोगो काहीही न लावता १०८० बाय १९२० मध्ये एक कोरी प्रत एक्स्पोर्ट करा आणि वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. दुसऱ्या ॲपचा लोगो दिसणारी रील्स कमी लोकांना सुचवली जातील, हे इन्स्टाग्रामने २०२१ मध्येच सांगून टाकलंय. गाणं त्या-त्या ॲपमध्ये जाऊन लावायचं.

गाण्याचं प्रकरण जरा नीट समजून घ्या. इन्स्टाग्रामच्या लायब्ररीतल्या गाण्याची परवानगी यूट्यूबवर चालत नाही. यूट्यूबचा शॉर्ट, म्हणजे तिथला छोटा उभा व्हिडिओ, १५ ऑक्टोबर २०२४ पासून ३ मिनिटांपर्यंत चालतो, पण १ मिनिटापेक्षा मोठ्या शॉर्टवर कंटेंट आयडीचा (दुसऱ्याचं गाणं ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा) क्लेम, म्हणजे मालकीहक्काचा दावा, आला की तो सरळ ब्लॉक होतो. म्हणून त्याच गाण्याचा ५८ सेकंदांचा शॉर्ट टिकतो आणि ७० सेकंदांचा दिसेनासा होतो. गणपतीत तर तुम्ही गाणं लावायचीही गरज नाही, मंडळाच्या स्पीकरवर वाजणारं गाणंसुद्धा पकडलं जातं. असं झालं तर यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनल सांभाळायच्या ॲपमध्ये, क्लेम उघडा. कुठल्या सेकंदापासून कुठपर्यंत अडचण आहे ते तिथे दिसतं. कोऱ्या प्रतीत तेवढ्या भागाचा आवाज बंद करून वर स्वतःचं बोलणं टाका आणि नव्याने अपलोड करा. कोरी प्रत नसेल तर सगळं शूटिंग पुन्हा.

डंकाशेजारी उभं राहून बोलणं

मोबाइलच्या माइकला तुमचा आवाज आणि डंकाचा ठोका यातला फरक कळत नाही. दुकानात फक्त दृश्यं घ्या आणि डंकाचा १०-१५ सेकंदांचा नुसता आवाज. निवेदन घरी करा: पंखा बंद, कपड्यांचं कपाट उघडून त्याच्यासमोर, मोबाइल तोंडापासून वीतभर लांब. मग डंकाचा आवाज निवेदनाखाली अगदी बारीक ठेवा. तो पूर्ण काढलात तर व्हिडिओ निर्जीव वाटतो.

एवढं करूनही विरार फास्टमध्ये उभा असलेला माणूस आवाज बंद ठेवूनच बघणार. त्याच्यासाठी पडद्यावर मजकूर हवा, आणि इथे देवनागरी दगा देते. काही ॲप जोडाक्षरं फोडतात, वेलांटी भलत्या जागी नेतात. नवीन ॲप घेतलं की आधी ‘मिरची, संकेश्वरी, ब्याडगी, जायपत्री’ एवढं टाइप करून बघा. यात जवळपास सगळ्या खोड्या उघड होतात. मुंबईच्याच ‘एक टाइप’ (EkType) या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले ‘मुक्त’ (Mukta) आणि ‘बलू’ (Baloo) हे फॉन्ट मोफत आहेत आणि छोट्या पडद्यावर सुवाच्य दिसतात. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर चिकटवला तर मात्र अगम्य चिन्हं उमटतील, तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. मजकूर मधोमध ठेवा. खालच्या पाव भागावर कॅप्शन येतं, उजव्या कडेला बटणं.

‘लिंक खाली दिली आहे’

इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही. शॉर्टच्या वर्णनातली आणि कमेंटमधलीही ३१ ऑगस्ट २०२३ पासून दाबता येत नाही. इन्स्टावर बायोमध्ये पाच लिंक बसतात, त्या वापरा. शॉर्टला स्टुडिओतून ‘रिलेटेड व्हिडिओ’ जोडा, म्हणजे बघणारा थेट मोठ्या व्हिडिओवर जातो.

आकड्यांची तुलनाही जपून. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता सुरू झाला तरी व्ह्यू धरला जातो. किती जण खरोखर थांबले ते बघायला स्टुडिओत ‘एंगेज्ड व्ह्यूज’ पाहा. शॉर्ट्स फीडमध्ये बघितलेला वेळ मॉनेटायझेशनला, म्हणजे यूट्यूबवर कमाई सुरू व्हायला, लागणाऱ्या ४,००० तासांतही मोजत नाहीत. विकतचे फॉलोअर घेऊ नका, ते मसाला घेत नाहीत.

सगळं दुसऱ्याच्या जागेत थाटणं

२९ जून २०२० ला भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि अनेक मराठी क्रिएटरांची जमवलेली गर्दी एका रात्रीत गेली. सुरुवातीला दोनच ॲप नीट चालवा, आणि विचारून, परवानगी घेऊन गिऱ्हाइकांचे नंबर स्वतःच्या वहीत उतरवून ठेवा. व्हॉट्सॲप चॅनल ही त्याची बदली नाही: फॉलोअरचा नंबर तुम्हाला दिसत नाही आणि पोस्ट ३० दिवसांनी पुसली जाते. ब्रॉडकास्ट लिस्ट बरी, एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात. मात्र मसाल्याचा भाव पाठवूनही कुणाला पोचलाच नाही असं झालं, तर बहुधा त्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नसतो. म्हणून पहिली पिशवी हातात देतानाच समोर नंबर सेव्ह करून घ्या.