गिट क्लीनची माहिती एआय एजंटसाठी लिहिण्यापूर्वी

प्रकल्पातील सफाईच्या स्क्रिप्टची माहिती मी गेल्या वेळी एका ओळीत उरकली होती: ‘बिल्ड अडल्यास ही चालवा, फोल्डर मूळ स्थितीत येते.’ स्क्रिप्टच्या आत गिट क्लीन होते, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटची, त्याने नोंद न घेतलेल्या फाइली पुसणारी कमांड; एफ (सक्तीने पुसा), डी (फोल्डरही) आणि लहान एक्स (गिटला दुर्लक्ष करायला सांगितलेल्या फाइलीही) या तिन्ही पर्यायांसह. बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम तयार होणे) अडला, एजंटने, म्हणजे स्वतः कमांड चालवणाऱ्या एआयने, ती ओळ वाचली, स्क्रिप्ट चालवली आणि काम झाल्याचे कळवले. पासवर्ड आणि सेटिंग असलेली डॉट ईएनव्ही फाइल गेली, ती पुन्हा लिहिता आली. परंतु तिच्या शेजारची एसक्यूलाइट (डेटाबेस) फाइलही गेली आणि तिच्यात अकरा दिवस हाताने तपासलेल्या नोंदी होत्या. एजंटने सांगितले तेवढेच केले. चूक माझ्या ओळीची होती.

कमांडचे नाव, पर्याय, ती कोणत्या फोल्डरमधून चालवायची, हे कोणीही लिहील. त्याआधी, अगदी पहिल्या ओळीत, काय परत मिळणार नाही ते लिहा. कमिट केलेले, म्हणजे गिटमध्ये कायम नोंदवलेले, काम रिफ्लॉगमधून (गिटने ठेवलेल्या हालचालींच्या नोंदीतून) सापडते. एकदा स्टेज केलेल्या (कमिटसाठी निवडून ठेवलेल्या) फाइलचा मजकूरही बहुधा गिट एफएससीके या तपासणीच्या कमांडने शोधता येतो. गिटने कधी नोंदच न घेतलेली फाइल मात्र गिट क्लीनने पुसली की ती रिफ्लॉगमध्ये नसते आणि कचरापेटीतही नसते. लहान एक्स लावला की गिटइग्नोअरचे (कोणत्या फाइलींकडे गिटने दुर्लक्ष करायचे त्या यादीचे) नियमही बाजूला पडतात, आणि पासवर्ड, चाव्या, स्थानिक डेटाबेस अशा ज्या गोष्टींची प्रत दुसरीकडे कुठेही नसते, त्या आपण नेमक्या गिटइग्नोअरच्या आडोशाला ठेवतो. ‘मूळ स्थिती’, ‘स्वच्छ’, ‘रीसेट’ हे शब्द काढून टाका आणि ‘कायमची पुसते’ असे लिहा.

हे वाक्य कुठे लिहायचे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. एजंट संपूर्ण माहिती सुरुवातीपासून वाचेलच असे नाही. पुष्कळदा तो एखादा शब्द शोधतो, आजूबाजूच्या काही ओळी घेतो आणि कामाला लागतो. म्हणून शेवटी ‘सूचना’ असा वेगळा विभाग करून इशारा तिथे ठेवू नका. रीडमीमध्ये (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमध्ये), हेल्पच्या मजकुरात, स्क्रिप्टच्या माथ्यावरील टिपणीत, जिथे जिथे कमांड दिसते तिथे तिथे, त्याच परिच्छेदात, काय परत मिळणार नाही ते पुन्हा लिहा. पुनरुक्ती झाली तरी चालेल.

पहिले उदाहरण जसेच्या तसे उचलले जाते, त्यामुळे ते एन या पर्यायाचे असू द्या. त्याने काहीही न पुसता काय पुसले जाईल त्याची यादी मिळते. त्या यादीचे काय करायचे हेही सांगा, नाहीतर एजंट ती छापून सरळ पुढे जाईल: बिल्डने स्वतः तयार न केलेली एकही फाइल यादीत दिसली, तर थांबावे आणि माणसाला विचारावे. ई पर्यायाने कोणत्या फाइली वगळायच्या, ते त्यांच्या नावांनिशी लिहा.

नकाराचा संदेश हीसुद्धा माहितीच असते. एफ न देता गिट क्लीन चालवले तर मूळ सेटिंगप्रमाणे गिट नकार देते. परंतु त्या संदेशातच एफचे नाव असते, आणि घाईतला वाचक, मग तो माणूस असो की एजंट, ती दुरुस्तीची सूचना समजून एफ जोडून मोकळा होतो. आपल्या स्क्रिप्टच्या नकारात पुढचा पर्याय सुचवू नका; काय कायमचे जाईल ते सांगा. ‘हो की नाही’ विचारणाऱ्या प्रश्नावरही विसंबू नका, कारण ‘हो’ हे उत्तर पाइपमधून, म्हणजे दुसरी कमांड जोडून, आपोआप देता येते.

एमसीपीमधून (एआयला साधने जोडून देणाऱ्या प्रमाणित पद्धतीतून) हे साधन देत असाल तर डिस्ट्रक्टिव्हहिंट, म्हणजे ‘हे साधन नुकसान करू शकते’ ही खूण, खरा ठेवा. परवानगीचा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो म्हणून तो खोटा करू नका, आणि ती केवळ सूचना आहे, कुलूप नव्हे, हेही विसरू नका. फोल्डरच्या आतल्या स्वतंत्र गिट रिपॉझिटरी (गिट सांभाळत असलेले दुसरे प्रकल्प) दोनदा एफ दिल्यावर जातात, ते नोंदवा. गिटची आवृत्ती लिहा.

मग चाचणी. फोल्डरची प्रत घ्या, तिच्यात एक खोटी डेटाबेस फाइल ठेवा, बिल्ड मुद्दाम अडवा आणि आधीचे संभाषण न पाहिलेल्या एजंटला काम द्या. तो यादी पाहून थांबला नाही, तर त्याने कोणत्या ओळी वाचल्या ते तपासा आणि इशारा त्या ओळींत हलवा. माझ्या स्क्रिप्टची पहिली ओळ आता अशी आहे: ‘ही स्क्रिप्ट गिटमध्ये नसलेल्या फाइली कायमच्या पुसते, त्या कोणत्याही कमांडने परत मिळत नाहीत.’