गावातल्या विहिरी मोजायच्या कशा

शिवाराखाली पाणी किती आहे आणि ते कुठून कुठे सरकतं, हे कळायला महागडं यंत्र लागत नाही. मोजणी मात्र चोख हवी. पुरंदरच्या कोरडवाहू गावांत आम्ही हे कसं करतो ते सांगते.

ओढ्याकाठच्या आणि माळावरच्या, अशा शिवारभर विखुरलेल्या विहिरी निवडा. प्रत्येकीच्या कठड्यावर ऑइलपेंटनं खूण करा. दर वेळी माप तिथूनच. या खुणेची समुद्रसपाटीपासूनची उंची लेव्हल मशीननं काढून घ्या. मोबाइलवरची उंची चालणार नाही, ती काही मीटरनी चुकते.

आदल्या रात्री मोटारी बंद ठेवायला सांगा आणि सगळ्या विहिरी एकाच सकाळी उरका. इथे कंटाळा केलात तर पुढचं सगळं वाया. टेपच्या टोकाकडच्या मीटरभर भागाला खडू घासा, वजन बांधून टेप पाण्यात बुडेपर्यंत सोडा. भिजलेला खडू गडद दिसतो. खुणेशी आलेल्या आकड्यातून त्या ओल्या रेघेचा आकडा वजा केला की खुणेपासून पाण्यापर्यंतची खोली मिळाली. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी याच महिन्यांत मोजते, तेव्हा तुलनाही होते.

खुणेच्या उंचीतून खोली वजा करा. एका विहिरीत पाणी 612.4 मीटरवर, दुसरीत 609.8 वर, तर ओढ पहिलीकडून दुसरीकडे. सारख्या पातळीचे बिंदू जोडून नकाशावर रेषा काढा. पाणी साधारण त्यांना काटकोनात, खालच्या अंगाला जातं. बोअरचे आकडे यात मिसळू नका. बोअर खोलवरच्या भेगांतलं पाणी दाखवतं, त्याची वही वेगळी ठेवा.

उन्हाळ्यात विहीर आटली की आतली भिंत नीट पाहा: वर मुरूम, मग मांजऱ्या (छिद्राछिद्रांचा खडक), कुठे गेरूचा तांबडा पट्टा, खाली काळा पाषाण. झरा कुठल्या थरातून आणि किती फुटांवर फुटतो ते लिहा. विहीर खणणाऱ्यांपैकी कुणी गावात असेल तर त्यांना आवर्जून विचारा.

आता हिशेब. 100 हेक्टरांत मे ते ऑक्टोबर पातळी 3 मीटर चढली. झिजलेला बेसाल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण, आकारमानाच्या साधारण 2 टक्केच पाणी सोडतो. म्हणजे 60 हजार घनमीटर, 6 कोटी लिटर. पाटानं भिजवलेला ऊस हेक्टरी 2 कोटी लिटर सहज पितो, म्हणजे ही सगळी वाढ 3 हेक्टर उसातच संपते. हा आकडा रब्बीच्या पेरणीआधी ग्रामसभेत फळ्यावर लिहा.