जुना ट्रक घेऊन कोकण किनाऱ्याने निघताय? या चुका टाळा

आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. राजपुरी, सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री या चार खाड्या फेरीबोटीने ओलांडत रत्नागिरीकडे उतरायचं, तेही तीन टोकांचा तारा मिरवणाऱ्या टाटा-मर्सिडीजने. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीज बनवणाऱ्या डाइम्लर-बेंझचा करार 1954 ते 1969 असा चालला. त्या काळातले ट्रक आजही हा रस्ता आरामात काढतात. अडकतात ते चालवणाऱ्यांच्या घाईमुळे, आणि दरवेळी त्याच त्या जागी.

भरती-ओहोटी न बघता जेटीवर पोहोचणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. फेरीचं वेळापत्रक सगळे बघतात, पाण्याचं कोणी बघत नाही.

जेटी उतरती असते. ओहोटीला बोट खाली जाते आणि उतार जिथे संपतो तिथे बोटीची फळी वर चढते, म्हणजे मध्ये खोलगट कोन तयार होतो. कार त्यातून निघून जाते. ट्रकची पुढची चाकं फळीवर चढतात, मागची कोनाच्या तळाशी येतात आणि शेपूट मागच्या उतारावर टेकतं. हिशेब सोपा आहे. मागचं चाक जमिनीला टेकतं तिथपासून शेपटापर्यंत 2 मीटर आणि शेपटाची उंची 60 सेंटिमीटर असेल, तर जेमतेम 16-17 अंश मिळतात. जेटीचा उतार आणि फळीचा चढ यांची बेरीज तेवढी झाली की गाडी टेकलीच. त्यात हौसेने शेपटाखाली स्टेपनीचा नवा पाळणा वेल्ड करून घेतला असेल, तर आणखी 15-20 सेंटिमीटर गेले.

अशाच पाळण्याच्या एका ट्रकचं काय झालं ते ऐका. पौर्णिमेच्या उधाणाची ओहोटी, वेळ संध्याकाळची. शेपूट टेकलं. ड्रायव्हरने क्लच अर्धा धरून रेस दिली. ट्रक रिकामा, मागच्या चाकांवर वजन नाही, आणि जेटीचा तो खालचा भाग एरवी पाण्याखाली असल्याने शेवाळलेला. चाकं जागेवर फिरली आणि क्लचप्लेट जळाली. तोवर पाणी चढायला लागलं. उधाणाला भरतीच्या सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत ते सगळ्यात जोरात चढतं. ट्रॅक्टरने ओढून काढेपर्यंत मागच्या चाकांचे हब खाऱ्या पाण्यात होते. मग ब्रेकचे ड्रम उघडणं, बेअरिंग धुणं, ग्रीस बदलणं, सील नवे. अर्धा तास वाचवायला गेले आणि आख्खा आठवडा गेला.

यावर उपाय कोकणातल्या मच्छीमारांचा, तिथीच्या पाऊणपटीचा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन तास ट्रक चढवायला चांगले. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाण्याचा चढउतार कमी. अमावस्या-पौर्णिमेला ओहोटी गाठली, तर चहा घ्या आणि थांबा.

बाभळीच्या चार फळ्या सोबत ठेवाव्यात: चार फूट लांब, दहा इंच रुंद, अडीच इंच जाड. मागची चाकं जोडीची असतात, म्हणून एका बाजूला दोन. कोनाच्या तळाशी टाकल्या की शेपूट उचललं जातं. प्रत्येक फळीला दोरी बांधा, नाहीतर ती तिथेच राहते. सगळ्यांना खाली उतरवा, पहिला गिअर टाका, गाडी सरळ रेषेत घ्या आणि क्लच पूर्ण सोडून चढा. बोटीवर इंजिन बंद, गिअर टाकलेला, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांपुढे-मागे लाकडी ठोकळे. आदल्या दिवशी वजनकाट्याची पावती घेऊन ठेवा. बोटवाले वजन विचारतात, तेव्हा अंदाज सांगू नये.

बंद पडल्यावर स्टार्टर मारत बसणं

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या टाकीत गंज आणि गाळ बसलेला असतो. खराब रस्त्यावर तो हलतो, फिल्टर चोक होतो आणि गाडी चढावर दम सोडते. अनेकजण इथेच स्टार्टर मारून बॅटरी संपवतात. एअर घेतलेली, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरलेली गाडी स्टार्टरने सुरू होत नाही. फिल्टर बदला. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू ढिला करा, फीड पंपाचा हँडपंप बुडबुडे थांबेपर्यंत मारा, डिझेल वाहतं असतानाच स्क्रू आवळा. मग तेच इंजेक्शन पंपावर. तरीही सुरू झाली नाही, तर नोझलच्या पाइपांचे नट ढिले करून थोडा स्टार्टर मारा. एका वेळी दहा सेकंद, मग मिनिटभर विश्रांती. बँजो बोल्टचे (डिझेल पाइप जोडणारे पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर नवे टाका. जुना वॉशर पुन्हा लावला की तिथूनच परत एअर घेते. निघण्याआधी टाकी उतरवून आतून धुणं हा खरा इलाज, पण बाहेरून रंगवलेली टाकी उतरवायचं लोकांच्या जिवावर येतं. रबरी डिझेल पाइपही सगळे बदला. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेलमध्ये सल्फर फक्त 10 पीपीएम आहे आणि जुनी रबरं त्यात आकसून गळतात.

घाटात न्यूट्रल

डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणं हा शुद्ध वेडेपणा आहे. इंजिनाचा रोध गेला की सगळा भार ड्रमवर येतो, ड्रम तापतात आणि ब्रेक लागेनासा होतो. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा, आणि गिअर उतार सुरू होण्याआधीच टाका. दर दीड तासाला थांबून चारही हबजवळ हाताची पालथी बाजू न्या. एकच हब गरम लागला, तर तिथलाच ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग जातंय.

बाकीचं

बॅटरीपासून चासीला जाणारी अर्थिंगची पट्टी नव्या रंगावर आवळू नका. चासी खरवडून लोखंड उघडं करा, मग आवळा. दिवे मंद होण्याचं निम्मं कारण तिथेच असतं. डायनामो आयडलिंगला चार्ज करत नाही, त्यामुळे जेटीच्या रांगेत दिवे बंद ठेवा.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकू नका. बायपास (रेडिएटर टाळून पाणी फिरवणारी वाट) असलेल्या इंजिनात तो काढला की काही पाणी रेडिएटरला चुकवून फिरतं आणि गाडी आणखी तापते.

टायरचं वय नक्षीवरून नव्हे, बाजूच्या चार आकडी तारखेवरून ओळखा: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. लॉकरिंगच्या चाकात (टायर रिमवर लोखंडी कड्याने अडकवलेला असतो) हवा लोखंडी पिंजऱ्याशिवाय भरू नका. रिंग सुटली की समोरचा माणूस वाचत नाही.

बऱ्याच जुन्या ट्रकच्या डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. जोर लावण्याआधी बघा. पहिल्या 50 किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळा.

कागदपत्रांबाबत गृहीत धरू नका. 2021 च्या व्हिंटेज नियमांत 50 वर्षांवरील, व्यावसायिक वापरात नसलेल्या दुचाकी आणि चारचाकी येतात, आणि त्या नोंदणीवर गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. ट्रकचं काय ते आरटीओतून लेखी घ्या.

प्रत्येक खाडी ओलांडली की त्याच मुक्कामी गोड्या पाण्याने खालून गाडी धुवा: पाटे, ड्रम, बॅटरीचा खोका. आणि धुतल्यावर थोडं चालवून ब्रेक वाळवा, मगच उभी करा.