ओपन सोर्समध्ये नवीन आहात? मग कुठे काय विचारायचं ते आधी बघा

नाशिकमधल्या इंजिनिअरिंगच्या पोरापोरींना ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरच्या कामात, सुरुवात करून द्यायचं काम मी मनापासून करतो, आणि जानेवारी-फेब्रुवारीत गुगल समर ऑफ कोड या, नवशिक्यांना ओपन सोर्सचं काम देणाऱ्या गुगलच्या उपक्रमाची चर्चा सुरू झाली की एक प्रश्न हमखास येतोच, "दादा, मी प्रोजेक्टबद्दलच विचारलं होतं ना, मग इश्यू ऑफ-टॉपिक म्हणून बंद का केला?"

अरे, इश्यू म्हणजे प्रोजेक्टकडे नोंदवलेली अडचण किंवा सूचना, ती नुसती प्रोजेक्टबद्दल असणं पुरत नाही. जिथे विचारलंत तिथल्या लोकांना त्यावर काही करता येणार आहे का, ते बघतात. लिबरऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरचंच घ्या, वापरताना अडलात तर आस्क लिबरऑफिस या प्रश्नोत्तरांच्या साइटवर विचारायचं, सॉफ्टवेअरच चुकत असेल तर बगझिला, कोड पाठवायचा तर गेरिट, आणि मराठी मेनूतला शब्द खटकला तर वेबलेटवर स्वतःच सुधारणा सुचवायची. सॉफ्टवेअर एकच, पण प्रत्येक ठिकाणी बघणारी माणसं वेगळी.

आपल्या मराठीवाल्यांना तर हे नीट कळायलाच हवं. कॉलेज रोडला राहणारी एक ज्युनिअर 'दुसऱ्या' मधला ऱ्या तुटका दिसतो म्हणून थेट लिबरऑफिसकडे बग टाकणार होती, मी म्हटलं थांब, आधी फॉन्ट बदलून बघ. दुसऱ्या फॉन्टमध्ये अक्षर व्यवस्थित आलं, म्हणजे दुखणं फॉन्टचं, लिबरऑफिसवाले त्यात काय करणार? सगळ्याच फॉन्टमध्ये बिघडलं असतं तर तेच वाक्य फायरफॉक्समध्ये टाकून बघायचं, कारण अक्षरं जोडायचं काम दोन्हीकडे हार्फबझ ही लायब्ररी करते, तिथेही तसंच दिसलं तर हार्फबझकडे बघायचं. शिवाय टाइप नक्की काय झालंय तेही लिहा, ऱ, हलन्त, य असं आहे की र, हलन्त, झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) आणि मग य, कारण दिसायला दोन्ही सारखीच असली तरी आतून वेगळी आहेत आणि फॉन्टवाल्याला हीच माहिती लागते. तिने एवढं सगळं लिहून स्क्रीनशॉटसकट फॉन्टच्या रिपोमध्ये, म्हणजे त्याचा कोड जिथे ठेवलाय तिथे, इश्यू टाकला. असा इश्यू कोणी ऑफ-टॉपिक म्हणत नाही.

"सर प्लीज मला असाइन करा", "मी थर्ड इयरला आहे, इंटर्नशिप मिळेल का" असल्या कमेंट इश्यूखाली नकोच. बऱ्याच प्रोजेक्टमध्ये असाइन व्हावंच, म्हणजे काम आपल्या नावावर करून घ्यावंच लागत नाही, कॉन्ट्रिब्युटिंग फाइल (मदत कशी करायची ते सांगणारी) वाचा आणि पॅच, म्हणजे केलेला बदल, पाठवा. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टला (ऑक्टोबरात ओपन सोर्ससाठी होणारा उपक्रम) टी-शर्टसाठी लोकांनी रीडमी या माहितीच्या फाइलीत एखादा शब्द बदलून पुल रिक्वेस्टचा, म्हणजे 'माझा बदल घ्या' अशा विनंत्यांचा पाऊस पाडला, मेन्टेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारे, इतके वैतागले की शेवटी जे रिपो स्वतःहून सहभागी होतील तेवढेच धरायचा नियम आला. बरेचसे मेन्टेनर नोकरी सांभाळून फुकट हे काम करतात हो, त्यांची संध्याकाळ अशी वाया घालवणं मला खरंच पटत नाही.

एक गोष्ट मात्र उघड इश्यूमध्ये कधीच टाकू नका, ती म्हणजे सिक्युरिटीतलं भोक. त्यासाठी बऱ्याचदा प्रोजेक्टच्या सिक्युरिटी फाइलमध्ये खाजगी पत्ता दिलेला असतो, तिकडेच कळवा.

आणि इश्यू बंद झालाच तर तोच परत उघडत बसू नका, मेन्टेनरने जिकडे जायला सांगितलंय तिकडे नवीन टाका आणि जुन्याची लिंक सोबत द्या, म्हणजे तिथल्या माणसाला सगळं पहिल्यापासून विचारावं लागत नाही.