पुलावर पाणी आलंय काय?

मराठी माध्यमातून दहावी करून निपाणीला पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्स घेतलं, त्याचा पहिलाच आठवडा. एकानं सरांना विचारलं, सीईटीत रँक नाही आली तर? सर म्हणाले, "वुई विल क्रॉस दॅट ब्रिज व्हेन वुई कम टू इट." वहीत शब्दाला शब्द लावला: पुलाजवळ गेल्यावर पूल ओलांडू. डोकं चालेना. आमचं गाव वेदगंगेपलीकडं. पावसाळ्यात घरातून पाय काढायच्या आधी अलीकडच्या पाहुण्यांना फोन जातो, "पुलावर पाणी आलंय काय?" २०१९ च्या ऑगस्टात तर यमगर्णीजवळ हायवेच बंद होता. पुलाजवळ जाऊन बघणारा आमच्यात खुळा ठरतो.

अर्थ मागाहून कळला. आपण 'पुढचं पुढं बघू' म्हणतो, तेच. अमेरिकन कवी लाँगफेलोनं १८५१ मध्येच ही म्हण जुनी असल्याचं लिहून ठेवलंय.

यंदा पीयूसीला येणाऱ्यांनो, रँकची, डिग्रीची काळजी खरंच आत्ता नको. माझा अख्खा जून त्यात गेला. तिकडं फिजिक्सचे सर 'अ‍ॅक्सिलरेशन' म्हणत होते आणि मी ते देवनागरीत उतरवत होतो. तिसऱ्या दिवशी कळलं, हे तर आपलं त्वरण! नववीत गणितं सोडवलेली. मग वहीच्या मागच्या पानावर जोड्या लिहायला लागलो: विस्थापन, डिस्प्लेसमेंट, घर्षण, फ्रिक्शन. दिवाळीपर्यंत पान भरलं आणि त्याची गरजही सरली.

कागदांचं मात्र पुढं ढकलू नका. तिथं आधीच फोन लावायचा. प्रवेशावेळी दोन भाषा निवडायच्या असतात. मराठी हवी असेल तर त्या कॉलेजात शिकवतात का, हे फॉर्म भरण्याआधी विचारा. जात-उत्पन्नाचे दाखले नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या इथल्या ऑफिसातून, लवकर काढा, सीईटीच्या फॉर्मला त्यावरचा आरडी नंबर लागतो. दाखला कन्नडमध्ये असतो, तो वाचा. मी वाचला नाही. अर्ज भरताना माझ्याच हातून आडनावातली वेलांटी सुटली होती. कन्नड विषयात चांगले मार्क असलेला मी, आणि चूक दाखवली कॉम्प्युटरवाल्या पोरानं, शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी. दाखला परत काढेपर्यंत आबांच्या दोन दिवसांच्या मजुरीवर पाणी.

रँक यथातथाच आली. जुलैत बेळगावला बीएस्सीचा फॉर्म आणायला निघालो. बाहेर पाऊस धरलेला. मी चप्पल घालेपर्यंत आईनं पाहुण्यांना फोन लावलाच होता.