पाळण्यातून कॉटमध्ये कधी हलवायचं?

बाळ पालथं पडायला किंवा हातावर जोर देऊन छाती उचलायला लागलं की पाळणा बंद करायचा बघा, महिने मोजत बसू नका. आधी दुपारची झोप कॉटमध्ये, मग रात्रीची. कोल्हापुरात ओळखीचा सुतार असतोयच, त्याच्याकडून करून घेणार असाल तर उभ्या पट्ट्यांमधली फट ६ सेंमीपेक्षा जास्त नको म्हणून आधीच सांगा, आणि गादी कडक पाहिजे, कडेला दोन बोटंसुद्धा जायला नकोत. आजी मऊ कापसाची गादी, मोहरीची उशी, गोधडी सगळं घेऊन येणारच, पण आत फक्त घट्ट बसणारी चादर, बाकी कायबी नको, पावसाळ्यात गारठा वाटला तर अंगातच एखादा कपडा वाढवा. झोपवताना मात्र पाठीवरच, आणि कॉट तुमच्याच खोलीत.