गालातली पांढरी जाळी सांभाळताना

मी दर उन्हाळ्यात कांदा-लसणीची चटणी करून विकते, ७०-८० किलो तरी होते. आणि गेली ६ वर्षं माझ्याच चटणीचा कण मला जिभेवर ठेवता येत नाही. चव सूनबाई बघते. माझ्या दुखण्याचं नाव ओरल लायकेन प्लॅनस. ज्यांना हे नाव नुकतंच कळलंय त्यांच्यासाठी लिहितेय.

आधी नीट बघा. खिडकीशी उजेडात आरसा घ्या, बोटानं गाल बाहेर ओढा. मागच्या दाढांजवळ बारीक पांढऱ्या रेघांची जाळी दिसते, बहुधा दोन्ही गालांत. मधूनमधून लाल, सोललेलं. बोटाला कापूस गुंडाळून हळूच पुसा. जाळी पुसली जात नाही. दह्यासारखा थर निघून आला तर ती बहुतेक बुरशी. एकाच बाजूला, चांदी भरलेल्या दाढेला टेकूनच चट्टा असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, कारण कधी कधी त्या चांदीचाच त्रास असतो. बीपीच्या, सांधेदुखीच्या गोळ्यांची पाकिटंही सोबत न्या. काही गोळ्यांनीही असेच चट्टे उठतात.

डॉक्टरांचा मला पहिला प्रश्न आला, "मावशी, मिश्री लावता का?" रागच आला. पण प्रश्न बरोबर होता. तंबाखूचे पांढरे चट्टे धोक्याचे असतात आणि नुसत्या डोळ्यांनी फरक कळेलच असं नाही. म्हणून तपासणीसाठी चट्ट्याचा तुकडा काढायला (बायोप्सी) घाबरू नका. भूल देऊन मसुरीएवढा काढतात, एखाददुसरा टाका पडतो. त्याआधी एका दवाखान्यात मी चार महिने बी कॉम्प्लेक्स खात बसले होते, ते वाया गेले.

रिपोर्टमध्ये 'सिव्हाट बॉडीज' असं काहीतरी होतं. भाचा दातांच्या कॉलेजात शिकतो, त्यानं समजावलं. त्या म्हणजे मेलेल्या पेशींची मढी. तोंडाच्या अस्तरात सगळ्यात खाली पेशींचा एक थर असतो. तो म्हणजे भाताचा तरवा. नवीन पेशी तिथून वर येतात. या आजारात आपल्याच रक्तातल्या राखणदार टी-पेशी त्या थराला परका समजतात आणि एकेका पेशीला मरायचा हुकूम देतात. पेशी फुटत नाही, आकसून गोळा होते. तरवाच मरायला लागला की वरचं अस्तर पातळ पडतं, सोलतं, आणि मग साधा कोमट चहाही झोंबतो. म्हणजे हा संसर्ग नव्हे, घरच्यांना लागत नाही. आणि घासून, गुळण्या करून 'साफ' होणारा मळही नव्हे. मी तुरटी लावून पाहिली होती. पुन्हा लावणार नाही.

औषध म्हणून मला स्टिरॉइडचा मलम दिला, तोंडात लावायचा, ट्रायअमसिनोलोनचा. तो राखणदारांना जरा गप्प बसवतो. लावण्यात गोम आहे. जेवण झाल्यावर आणि झोपताना, चूळ भरून जागा कापसानं कोरडी करा. मलम मुगाएवढा घ्या आणि नुसता टेकवा, चोळू नका. चोळला की रवाळ होतो, वाळूसारखा लागतो आणि निघून येतो. टेकवला तर गुळगुळीत पापुद्रा धरतो. मग अर्धा तास पाणीसुद्धा नाही. किती दिवस लावायचा ते डॉक्टरांनाच विचारा, कारण त्यानं बुरशी धरते. मला दुसऱ्या महिन्यात धरली होती.

टूथपेस्ट फेस न येणारी, दालचिनीचा वास नसलेली. ब्रश मऊ. दाढेची धार गालाला लागत असेल तर ती दातांच्या डॉक्टरांकडून घासून घ्या. रोज तिथंच खरचटलं की जाळी तिथंच वाढते.

खाण्याचं मात्र ज्याचं त्यानं शोधावं. मला टोमॅटो, लिंबू, कडक भाकरीचा पापुद्रा चालत नाही. भाकरी दुधात कुस्करून, दहीभात, तूप घातलेली मुगाची खिचडी चालते. ठेच्याची आठवण येते, खोटं कशाला बोलू?

हे दुखणं मुळापासून जात नाही, कमी-जास्त होत राहतं. शंभरात साधारण एकाला पुढं कॅन्सर होऊ शकतो, म्हणून बरं वाटत असलं तरी सहा महिन्यांनी तोंड दाखवायचंच. दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, बोटाला कडक लागणारी गाठ असेल तर तारखेची वाट बघू नका. सूनबाई दर महिन्याला त्याच खिडकीत मोबाईलवर दोन्ही गालांचे फोटो काढते. डॉक्टर माझ्या सांगण्यापेक्षा ते फोटोच जास्त बघतात.